हिंगोलीवर राज्य कोणाचे?

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कचेऱ्यांतली जुनी बासने सुटली, आणि घरोघरच्या लोखंडी पेट्यांतून पिवळे पडलेले कागद बाहेर आले. त्यांतलाच एक कागद घेऊन आमच्या गल्लीतला एक तरुण शेतकरी माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "चाचा, हे उर्दूत आहे. तुम्हाला येतच असंल."

मला येत नाही. म्हणजे छापील अक्षर लावून लावून वाचतो, पण निजामी दफ्तरातली घसटती शिकस्ता लिपी माझ्या बापजन्मी मला लागणार नाही. माझी शाळा मराठी, बी.ए. मराठीतून, आणि गेली पस्तीस वर्षे बऱ्यावाईट कविता लिहितो त्याही मराठीत. हे त्याला सांगताना मला ओशाळल्यासारखे झाले आणि ऐकताना त्याला नवल वाटले. शेवटी आम्ही दोघे एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पहिली ओळ वाचली, "खुर्दाद, सन १३४४ फसली."

तरुणाने माझ्याकडे पाहिले. मी हिशेब सांगितला. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवायचे. म्हणजे साल निघाले १९३४-३५, आणि खुर्दाद म्हणजे साधारण एप्रिल. पण मित्रहो, त्या एका ओळीत केवढी गर्दी आहे पाहा. फसली सन अकबराच्या काळातला. महिन्याचे नाव प्राचीन इराणचे, पारशी बांधवांच्या पंचांगात आजही असलेले. लिपी उर्दू, राजा मुसलमान, शेत कयाधूच्या काठचे आणि शेतकरी मराठा. वही ज्याच्या हाताखाली होती तो पटवारी, बहुधा ब्राह्मण.

हा कागद पाहिल्यापासून एक जुना प्रश्न पुन्हा डोक्यात घोळू लागला. आमच्या या हिंगोलीवर आजवर राज्य केले तरी कोणी कोणी? आणि त्यांतले 'आमचे' कोण? शाळेत इतिहासाच्या तासाला निजामाचे नाव निघाले की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "हे बघ, तुझं राज्य!" वर्ग हसायचा. मीही हसायचो. पण घरी येऊन एकदा दादाला, म्हणजे आजोबांना, विचारले. दादा पिंजारी. हिवाळ्यात पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या-रजया भरायचा, पावसाळ्यात तीन एकर कोरडवाहू करायचा. तो आमच्या दखनीत म्हणाला, "अपना राज था तो फिर पट्टी कायको भरते थे रे अपन?"

या प्रश्नाचे उत्तर शोधत थोडे मागे जाऊ. अगदी आरंभी पैठणचे सातवाहन, ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्यानंतरचे वाकाटक मात्र आमच्या अगदी शेजारचे. त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. हिंगोलीहून एसटीने तासा-दीड तासाचा रस्ता. तिथे १९३९ मध्ये विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला. नांदीकडच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर भागातले एक गाव त्याने दान दिल्याची ती नोंद आहे. नांदेडच्या उत्तरेला आणि वाशीमच्या दक्षिणेला कोणता मुलूख येतो ते नकाशा न उघडताही आपण सांगू शकतो.

या ताम्रपटाची गंमत अशी की राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. दानाच्या गावाला काय काय माफ केले त्याची यादी या प्राकृत भागात येते. फुले आणि दूध द्यायला नको. बैल पुरवायला नकोत. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराला कातडे आणि कोळसा द्यायला नको. मीठ खणून काढण्याचा जाच नको. इतिहासाचे अभ्यासक ती यादी राजाच्या औदार्याचा पुरावा म्हणून वाचतात. मी पिंजाऱ्याचा नातू, मला ती उलटी वाचता येते. एका गावाला हे माफ झाले म्हणजे शेजारच्या प्रत्येक गावाला हे सगळे द्यावे लागत होते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आमच्या माणसांचे नाव कुठे कोरलेले नाही, पण त्यांच्या दुधाचा, बैलांचा आणि कोळशाचा हिशेब तांब्यावर राहिला आहे.

पुढे बदामीचे चालुक्य, राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य. त्यांच्यात फार रेंगाळत नाही. देवगिरीच्या यादवांपाशी मात्र थांबावेच लागते, कारण औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ त्या काळाची आठवण सांगत उभे आहे, आणि आमच्या जिल्ह्यातलेच नरसी हे नामदेवांचे जन्मगाव. काही विद्वान दुसरे गाव सांगतात. सांगोत. आम्ही हिंगोलीकर नरसीच मानतो.

नामदेवांचा जन्म १२७० चा आणि समाधी १३५० ची. या ऐंशी वर्षांत काय काय झाले? जन्मले तेव्हा देवगिरीवर महादेव यादव होता, मग रामचंद्र आला. नामदेव ऐन पंचविशीत असताना, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य पुरते बुडाले. १३२० मध्ये दिल्लीत खिलजी जाऊन तुघलक आले, १३२७ मध्ये दिल्लीची राजधानीच देवगिरीला आली आणि तिचे दौलताबाद झाले. १३४७ मध्ये तुघलकांचा अंमल झुगारून बहमनी राज्य उभे राहिले. एका शिंप्याच्या आयुष्यात चार राजवटी! या काळात नामदेव पंजाबात जाऊन राहिले, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात गेली. आज घुमानला नामदेवांच्या नावाने माथा टेकणाऱ्याला तेव्हा देवगिरीच्या तख्तावर कोण होते हे विचारून पाहा.

बहमनी राज्य दीडशे वर्षांत मोडले, आणि इथे मला तुम्हाला एक हकीकत सविस्तर सांगायची आहे. 'तुझं राज्य' म्हणणाऱ्या मागच्या बाकाला तेव्हा ती माहीत नव्हती, आणि मलाही नव्हती.

बहमनी राज्याचे तुकडे झाले तेव्हा १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही सुरू झाली. तिचा मूळ पुरुष फतहुल्ला इमादुल्मुल्क हा विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला, लहानपणी लढाईत पकडला गेलेला. त्याच वर्षी अहमदनगरच्या बाजूला निजामशाही सुरू झाली. (हैदराबादचा निजाम वेगळा, घोटाळा नको.) तिचा संस्थापक मलिक अहमद. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, आणि त्याचे पूर्वज आमच्या शेजारच्या पाथरीचे कुलकर्णी, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हे घराणे कधी काळी पाथरी सोडून विजयनगरच्या मुलखात गेले होते. तिथून एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि पुढे त्याच्या मुलाने तख्त स्थापले. सुलतान झाल्यावर घराण्याचे जुने भाऊबंद अहमदनगरला येऊन भेटले आणि म्हणाले, आपले वडिलोपार्जित पाथरी परत मिळवा!

पाथरी होती इमादशहाकडे. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराने त्याला निरोप पाठवला, पाथरी द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या. इमादशहाने नकार दिला आणि पाथरीला तटबंदी घालायला घेतली. तेव्हा १५१८ मध्ये निजामशहाने फौज पाठवून पाथरी घेतली. पुढे काही वर्षांनी इमादशहाने ती परत जिंकली. निजामशहाने पुन्हा वेढा घालून घेतली, गढी पाडून टाकली आणि पाथरी आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिली. म्हणजे दोन सुलतान, दोघेही मुसलमान, दोघांचीही मुळे ब्राह्मण घरात, आणि लढाई कशासाठी, तर कुलकर्णीपणाच्या वतनासाठी! भावकीचा बांधावरचा दावा कोर्टात गेला तर दोन पिढ्या खातो हे आपण आजही पाहतो. इथे तो तोफा घेऊन लढला गेला. त्या फौजा ज्या शेतांतून गेल्या त्या शेतांतली ज्वारी कोणाची होती, हिंदूची की मुसलमानाची, हे घोड्यांनी विचारले नसणार.

१५७४ मध्ये निजामशाहीने इमादशाही गिळली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. अकबराच्या 'आईन'मध्ये वऱ्हाड सुभ्यात वाशीम, माहूर, पाथरी अशी सरकारे, म्हणजे जिल्हे, नोंदलेली आहेत. या मोगलांचा अंमल इथे जेमतेम सव्वाशे वर्षे. पण नाव किती टिकावे? माझ्या लहानपणापर्यंत म्हातारी माणसे निजामाच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. वाशीमकडचा पाहुणा विचारायचा, "मोगलाईत पाऊस कसा आहे?"

याचे कारण हैदराबादचा निजाम हा मुळात मोगलांचाच सुभेदार. १७२४ च्या ऑक्टोबरात बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. दोघेही मोगलांचेच सरदार. बाजीराव पेशव्याची फौज निजामाच्या बाजूला होती. मुबारिझखान पडला. निजामाने त्याचे शिर दिल्लीला बादशहाकडे विजयाची भेट म्हणून पाठवले आणि दख्खन स्वतःकडे ठेवले. नाव बादशहाचे, राज्य आपले. त्यातही आधीच १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखी मिळालेली. शंभरातले पंचवीस आणि वर दहा. म्हणजे एकाच खळ्यावर दोन धनी. आपल्याकडे याला दुअमली म्हणत. छत्रपतींचे राज्य आमचे, निजामाचे राज्य तुमचे, अशी वाटणी आज भाषणात करता येते. त्या खळ्यावर ती करता येत नव्हती.

निजाम किती झाले? लोक सात म्हणतात. तख्तावर बसलेले मोजले तर दहा. नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग या तिघांना आसफजाह म्हणून मोजत नाहीत. पहिल्या निजामानंतर तीन वर्षांत दोघे मारले गेले. असो.

हिंगोलीचे नाव मोठ्या कागदांवर येते ते कंपनी सरकारच्या काळात. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने चालणारी 'हैदराबाद कंटिन्जन्ट' नावाची फौज होती, तिची एक छावणी इथे होती. १९०३ मध्ये ती मोडली. छावणीमुळे बाजार वाढला, कापसाची पेठ झाली, देशोदेशीचे लोक आले. त्यांत एक हरिसिंग नावाचा कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. तो ठगांचा म्होरक्या निघाला! मेडोज टेलरने ठगांवरच्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याची हकीकत दिली आहे. खाणाखुणा तपासणारी फौज समोर असताना तिच्याच बाजारात तो दुकान मांडून बसला होता.

या फौजेचे पैसे थकले. मग १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड लावून घेतले. आपल्या भाषेत सांगायचे तर गहाण. १९०२ मध्ये ते गहाण वार्षिक पंचवीस लाखांवर कायमचे झाले. पुढे १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. ज्या वऱ्हाडात त्याचा एक शिपाईही नव्हता त्याचा हा राजपुत्र!

या गहाणामुळे आमची पैनगंगा नदी ही सरहद्द झाली. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी. अलीकडे निजामाचा हाली रुपया, पलीकडे कलदार. सात हालीला सहा कलदार. अलीकडे तहसीलदार आणि तालुकदार, आणि मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके. दादा सांगायचा, वाशीमच्या बाजाराला गेलो की परतताना नव्या खणाला मुद्दाम चुरगाळून मातीत लोळवायचे, म्हणजे नाक्यावरचा शिपाई जुना समजून सोडेल. पूर्णेहून निघालेली मीटरगेज १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत आली आणि इथेच थांबली. पुढे वऱ्हाडात जोडली जायला स्वातंत्र्य यावे लागले.

मुलूख असा हातोहात देण्याची चाल काही आपल्याकडचीच नव्हे. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे देश आहे. तो चारशेहून अधिक वर्षे डेन्मार्कच्या राजाकडे होता. १८१४ च्या जानेवारीत कील इथल्या तहात डेन्मार्कने तो स्वीडनच्या राजाला देऊन टाकला. नॉर्वेजियन लोकांना विचारले कोणी नाही. त्यांनी त्याच वर्षी १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना केली, पण स्वीडनपासून वेगळे व्हायला १९०५ उजाडले. आणि मग लोकांनी मतदान करून राजा निवडला, तोही डेन्मार्कचाच राजपुत्र! मला त्या देशाची ओढ वाटते ती मात्र भाषेमुळे. शतकानुशतके लिहायची भाषा डॅनिश, घरात बोलायची वेगळी. ईवार ओसेन नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी पायी हिंडून बोलींचे शब्द गोळा केले आणि त्यांतून लिहायची भाषा उभी केली. आमच्याकडे १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांना उर्दूतून परीक्षा द्याव्या लागत, हे दुःख मराठवाड्याने खूप सांगितले आहे आणि ते खरे आहे. पण माझा दादा, राजाच्या धर्माचा, त्याला उर्दूची अलिफही येत नव्हती. सरकारी पावती घेऊन तो पटवाऱ्याकडे जायचा आणि विचारायचा, "मालक, काय लिहिलंय?"

आता १९४८. हा भाग मला लवकर उरकता येत नाही आणि नीट सांगताही येत नाही.

रझाकारांनी जे केले त्याला दुसरे नाव नाही, ती दहशतच होती. त्या भयाने माणसे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालला. आमच्या वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांनी प्राण दिले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या नावाचे आहे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. आम्ही तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो. मी स्वतः त्या दिवशी कविता वाचली आहे.

त्यानंतरच्या काही आठवड्यांबद्दल मात्र फार थोडे बोलले गेले. रझाकारांचा राग ज्यांनी कधी रझाकार पाहिले नव्हते त्यांच्यावरही निघाला. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे पथक पाठवले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा आहे, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पोळलेले म्हणून नोंदले आहेत. अहवाल कित्येक दशके दफ्तरातच राहिला. दादाचा धाकटा भाऊ त्या दिवसांत बाजाराला गेला तो परतला नाही. दादा-दादी आणि माझे वडील, तेव्हा सहा वर्षांचे, अकरा दिवस एका मराठा घरच्या कडब्याच्या गंजीमागे होते. त्या घरच्या आजीने रोज रात्री भाकरी आणून दिली. त्याच आजीच्या भावाला त्याच वर्षी उन्हाळ्यात रझाकारांनी मारले होते. दादी मरेपर्यंत, दर ईदेला, शिरखुर्म्याचा पहिला डबा त्या घरी गेला. 'तुझं राज्य' हे शब्द ऐकले की मला ती गंजी दिसते. ज्याचे राज्य असते तो कडब्यात लपतो का?

पुढचे सरळ आहे. आधी लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी, मग वेल्लोडी, १९५२ च्या निवडणुकीनंतर बुरगुला रामकृष्णराव. खुद्द निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख! ज्याला हरवले त्यालाच खुर्ची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबईच्या द्वैभाषिकात गेला. हाली रुपया १९५९ पर्यंत खिशात वाजत होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. दादी त्याच्या आदल्या वर्षी गेली. ज्या कुडाच्या घरात ती सून म्हणून आली तिथेच वारली, आणि एवढ्यात तिच्या दारावरून निजाम, फौजी अंमल, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र इतके सगळे येऊन गेले. रेशनचा भाव सोडला तर सरकार बदलल्याचे तिने कधी बोलून दाखवले नाही.

आता त्या कागदाचे राहिले. उर्दू मास्तरांनी तो पुरता वाचला. नाव तरुणाच्या पणजोबाचेच होते, सारा हाली रुपयांत होता. पण जातीचा उल्लेख असलेला कोपरा वाळवीने नेमका खाल्ला होता. मास्तर हळहळले, म्हणाले, मूळ नोंद गावच्या पटवाऱ्याच्या वहीत असेल, ती शोधा. चार दिवसांनी तरुण पुन्हा आला. पटवाऱ्याच्या वहीच्या पानाची छायाप्रत त्याला मिळाली होती.

ती मोडीत होती. ती त्यालाही येत नव्हती आणि मलाही. मी चप्पल घातली आणि आम्ही दोघे मोडी वाचणारा माणूस शोधायला निघालो.